पाठीवरची आई

मुलांनो, या सुट्टीत तुम्ही आलात की उलव्याच्या मामाआजोबांकडून जेवायला बोलावणं येईल. तुम्ही जा. त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर आहे, बाल्कनीतून खाडी दिसते आणि आता नव्या विमानतळावर उतरणारी विमानंही दिसतात. मी मात्र तुमच्याबरोबर येणार नाही. का, ते तुम्ही मागे व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंत, तेव्हा मी दूध उतू जातंय म्हणून उठले होते. दूध वगैरे काही उतू जात नव्हतं. पणजी एकाएकी आमच्याकडे कशी राहायला आली आणि आजीच्या त्या पिवळ्या टी-शर्टातल्या फोटोबद्दल घरात कुणी बोलत का नाही, हेही तुम्ही विचारणारच. उलव्याला जेवायला बसण्याआधी हे तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं, कारण तिथे वेगळं सांगितलं जाईल.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, विमा कंपनीतल्या नोकरीत आयुष्यभर इंग्रजीत टिपणं लिहिली. मुद्देसूद सांगायचं तर मला अजून इंग्रजीच सुचतं. पण यातली माणसं मराठीत बोलली, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते होतं त्यापेक्षा सभ्य वाटायला लागतं. अडेल तिथे आईला विचारा.

तुमच्या पणजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, आधी हा विसरण्याचा आजार झाला. वाशीतल्या आमच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकसारख्या. बाबा एक दिवस शेजारच्या इमारतीत त्याच मजल्यावर चढून गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "तुम्ही माझ्या घरात काय करताय?" त्या बाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं आणि आईला बोलावून घेतलं. आई हसून म्हणाली, "यांचा चष्मा बदलायला झालाय." पुढे कितीतरी महिने ती सगळ्यांना चष्म्याचंच कारण सांगत होती. फोन आला की ते अंघोळीला गेलेत, पाहुणे आले की ते झोपलेत. सख्ख्या काकांनाही तिने कळू दिलं नाही. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेले सगळे म्हणाले, झोपेत गेले, पुण्यवान माणूस. त्याआधीची वर्षं कशी गेली ते आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्हा तिघांनाच ठाऊक. बाबांचं सगळं, अगदी सगळं, भावाने केलं. हे मी आधीच लिहून टाकते. पुढे त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्याने हे पुसलं जात नाही.

मग आईला तेच झालं. एका दुपारी मी गेले तर ती शिजलेला भात नळाखाली धरून धूत होती. तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे कामोठ्याला चल. पण तेव्हा तिला अजून पुष्कळ कळत होतं. "मुलगा असताना जावयाच्या घरी राहू? लोक काय म्हणतील?" असं म्हणून ती भावाकडे गेली. पुढे त्याने उलव्याला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं तेव्हा तिलाही घेऊन गेला. मी दर रविवारी जायची.

गेल्या वर्षी भावाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. साखरपुडा पनवेलच्या एका हॉलवर झाला. लग्नाच्या दिवशी घाई नको म्हणून मानपान तिथेच उरकून घेतले. आईला आणलं नव्हतं. गर्दीत ती घाबरते, म्हणून कामवाल्या बाईला तिच्यापाशी घरी ठेवलं होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. फक्त एक गोष्ट खटकली. मुलाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, सगळ्यांना आठवणीने साड्या देत होत्या. मला दिली, मुलीच्या मामीला दिली. पण आजेचीर कुठे दिसेना. मुलीची आजी हयात असली तर मुलाकडच्यांनी तिला मानाची साडी द्यायची असते, तिला आजेचीर म्हणतात. तुमच्या आईच्या लग्नात माझ्या आईने ती साडी तिथेच मांडवात उलगडून काठ तपासला होता आणि विहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात "बरा आहे" म्हणाली होती.

मी भावाला बाजूला घेऊन विचारलं, "आईचं आजेचीर राहिलं का?"

"ते लोक असलं काही मानत नाहीत गं, ताई. उगाच विषय काढू नकोस."

नव्या पद्धतीची माणसं असतील, असं म्हणून मी गप्प बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चालण्याचं निघालं. नेरूळमधल्या काही डॉक्टरांनी या आजारावरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला एक चालण्याचा कार्यक्रम ठरवला होता. थंडीतल्या एका रविवारी सकाळी पाम बीच रोडने चालायचं, ओळखीच्या लोकांना सांगायचं की माझ्या चालण्याच्या निमित्ताने काहीतरी द्या, आणि आपण कुणासाठी चालतो ते कागदावर लिहून पाठीवर लावायचं. मला ते फार पटलं. बाबांसाठी आम्ही चष्म्याचं कारण पुढे करण्यापलीकडे उघडपणे काहीच केलं नव्हतं. निदान आता नावानिशी करावं, असं वाटलं.

मी रीतसर तयारीला लागले. गुडघ्याला पट्टा, नवे बूट, रोज सकाळी सेक्टरातल्या बागेभोवती फेऱ्या. कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी बाई मला बुटांत बघून रोज हसायची. एक दिवस तिने विचारलंच, "खं चालली रोज रोज?" मी सांगितलं, कुठेच नाही, नुसती चालते, आणि मी चालले की लोक पैसे देणार आहेत. ती शेजारणीला म्हणाली, "ऐकला का गो? चालल्याव पैशे! मंग मना पन ने." मी म्हटलं, चला की. "आनि पापलेट कोन इकंल, तुजा नवरा?" तुमचे आजोबा मागेच पिशवी घेऊन उभे होते. त्यांना तो विनोद फारसा आवडला नाही.

पाठीवरचा कागद मला हाताने लिहिलेला नको होता. मी आई-बाबांचा एक जुना फोटो घेऊन कामोठ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दोघं घरातल्या सोफ्यावर बसलेले, आई काहीतरी बोलतेय आणि बाबा ऐकल्यासारखं करताहेत, असा तो फोटो. दुकानदाराने तो कॉम्प्युटरवर घेतला आणि दोन मिनिटांत मला दाखवला. दोन्ही बाजूंना समया, वर फुलांची माळ, खाली मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली".

"अहो, हे काय? माझी आई आहे अजून."

"सॉरी सॉरी, आजी. जुन्या माणसांचा फोटो आला ना, की आमचा हात आपोआप तिकडेच जातो. आता शंभरी गाठतात बघा तुमच्या आई."

मी हसले. घरी येऊन आजोबांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या रात्री फोटो आणि चार ओळी माझ्या फोनमधल्या सगळ्यांना पाठवल्या. बाबा या आजाराने गेले, आईला गेली काही वर्षं तोच आहे, दोघांसाठी मी चालणार आहे, जमेल ते द्या. सगळ्यांना म्हणजे विहीणबाईंनाही. साखरपुड्यात त्यांनीच मला नंबर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावाचा फोन. "ताई, तो मेसेज काढून टाक."

"का?"

"लग्न होईपर्यंत हे सगळं नको. आजाराबिजाराचं."

"आजार चोरून आणलाय का आपण?"

"तू काढ फक्त."

मला वाटलं, त्याला लाज वाटते. मलाही एके काळी वाटायची. रविवारी नेहमी दुपारी जायची, या वेळी सकाळीच जाऊन समजावू असं ठरवलं, आणि त्याच्या इमारतीतल्या लोकांना द्यायला चालण्याच्या कार्यक्रमाची पत्रकंही बरोबर घेतली.

लिफ्टमध्ये एक शेजारीण भेटली. "तुमी चौदाशे दोनच्या ताई ना? साखरपुड्याला पाहिलं तुमाला." मी पत्रक पुढे केलं, आई-बाबांसाठी चालतेय म्हटलं. तिने ते कपाळाला लावायचंच बाकी ठेवलं. "तुमचं घरानंच देवमानसांचं हो. भाऊ तर काय! आजकाल सख्ख्या आईला कोन विचारत नाही, आनि हे लांबच्या मावशीचं सगळं करतात."

"कुठली मावशी?"

"त्याच की, तुमच्या आतल्या खोलीतल्या. कुनीच नाही ना बिचाऱ्यांना."

चौदावा मजला आला. बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय, असं मला वाटलं. दार उघडंच होतं. मी चपला काढत असताना आतून माझ्या भावजयीचा आवाज आला, "मावशी, दूध घ्या बरं पटकन." मी आत डोकावले. कामवाली केर काढत होती, भावजय पेला घेऊन उभी होती, आणि पलंगावर बसलेल्या माझ्या आईने हात पुढे करून तो पेला घेतला.

भाऊ बाल्कनीत होता. मी दार ओढून घेतलं.

"आईला मावशी कोण म्हणतं?"

"हळू बोल."

"कोण म्हणतं?"

"ताई, आधी ऐकून घे."

त्याने सांगितलं ते असं. उलव्याला आल्यावर पहिल्याच महिन्यात आईने लिफ्टमध्ये एका बाईचा दंड धरला. माझं मंगळसूत्र चोरलंस म्हणाली आणि आमच्या घरात कुणी कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या. बघे जमले. कुणीतरी विचारलं, या कोण तुमच्या? त्याच्या तोंडून निघून गेलं: लांबची मावशी, तिला कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून लोकांची नजरच बदलली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव आदराने घेतलं जाऊ लागलं. आपण बोललो ते खोटं, हे सांगायचा दिवस पुढे पुढे जात राहिला. मग लग्नाचं निघालं. आपल्याकडे सोयरीक करण्याआधी मुलाकडची माणसं गुपचूप शेजारीपाजारी चौकशी करतात. शेजाऱ्यांनी भरभरून सांगितलं: अहो, लांबच्या मावशीला सांभाळणारं घर आहे, डोळे मिटून द्या मुलगा. विहीणबाई त्यावरच भाळल्या होत्या म्हणे. मग त्यांनी साहजिकच विचारलं, सख्ख्या आई कुठे असतात?

"काय सांगितलंस?"

तो खाडीकडे बघत राहिला. "दोन वर्षांपूर्वी."

"काय दोन वर्षांपूर्वी?"

"गेली, असं सांगितलं."

वरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत बोलता येईना. आवाज थांबल्यावर तो म्हणाला, "मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. आईच म्हणायची."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्या आजीला ते शब्द येतात हे तुम्हाला कळायची गरज नाही. त्यानेही ऐकवलं. "तू रविवारी येतेस, केळी घेऊन. बाकीचे सहा दिवस कोण असतं इथे? चालून काय होणार आहे गं? एकदा तिला अंघोळ घालून बघ. आणि लपवायला शिकवलं कुणी आम्हाला? बाबांचा चष्मा विसरलीस?"

यातलं अंघोळीचं खरं होतं. मी तसं म्हटलंही. पण चष्म्याचं खरं नव्हतं. आईने बाबांचा आजार लपवला, बाबांना लपवलं नाही. शेवटपर्यंत ती त्यांच्याबद्दल "हे" म्हणत राहिली, आणि आमच्या इमारतीत "हे" म्हणजे कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग त्याने आवाज मऊ केला. "तुझं चालणं चालू दे, ताई. मी कुठे नको म्हणतोय? फक्त कागदावर 'आई-बाबांच्या स्मरणार्थ' असं लिही. सगळ्यांचंच भागेल."

भाची केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. "आत्या, प्लीज. लग्नापर्यंतच. आजोबांना होतं, आजीलाही आहे, असं कळलं की ते म्हणणार, यांच्या घराण्यातच आहे. मग मला काय समजतील?"

"तुझे आईबाप कामावर जायचे तेव्हा तुला आजीने वाढवलं."

"म्हणून तर सांगतेय. आजी काही मनावर घेणार नाही. तिला कुठे कळतंय?"

ती हे दुष्टपणाने बोलली नाही. मला समजावण्यासाठी, अगदी प्रेमाने बोलली. त्या सगळ्या सकाळीत मला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

घरी आले तेव्हा तुमचे आजोबा मटार सोलत बसले होते. मी समोर बसून म्हणाले, "आईला तिथे मावशी म्हणतात."

त्यांनी "कोण?" असं विचारलं नाही. "का?" असंही विचारलं नाही. पुढची शेंग उचलली. मुलांनो, हा माणूस वीज गेली तरी मला तीन प्रश्न विचारतो.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गणपतीपासून."

"आणि?"

"त्याने शपथ घातली. मला वाटलं, तुला कशाला त्रास."

"म्हणजे त्या साखरपुड्यात, मी आजेचीर शोधत होते तेव्हा..."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "एवढे पुरेत का बघ."

मी ते मटार आमटीत घातले, आम्ही जेवलो, आणि नंतरचे कितीतरी दिवस आमच्या घरात फक्त गॅस, दूध आणि लाइटबिल याबद्दल बोलणं झालं. ते हे वाचणार आहेत. त्यांनी वाचल्याशिवाय मी पाठवणार नाही. पण खोडणारही नाही.

कागदावर काय लिहायचं, ते माझं ठरत नव्हतं. भाचीचं लग्न मोडलं तर ते माझ्या नावावर बसणार हे मला दिसत होतं. ती मुलगी माझ्या मांडीवर खेळलेली. दुसऱ्या बाजूला "स्मरणार्थ" हा एक शब्द. तो लिहिला की कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. फक्त मी ज्या आईसाठी चालणार, तिला मी स्वतः पाठीवर घेऊन गावभर मेलेली म्हणून मिरवणार होते.

चालण्याच्या आदल्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"ताई, रागावू नका हं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मायेचा आहे. "तुमचा मेसेज वाचला, तेव्हापासून मनात होतं. भाऊ म्हणाले, आई गेल्याचं ताईंनी अजून मानलेलं नाही. त्या असल्यासारख्याच बोलतात. माझी आई गेली तेव्हा मीसुद्धा वर्षभर तिच्या वाटणीचा चहा टाकत होते. पण जाणारं माणूस जातं, ताई. आपण सोडायला शिकायला हवं."

मी फोन कानाला धरून उभी होते. दाराशी तुमचे आजोबा उभे होते आणि हातानेच "जाऊ दे, जाऊ दे" अशी खूण करत होते. माझ्या भावाने आईला आधी मावशी केलं, मग मारलं, आणि आता मला डोक्यावर परिणाम झालेली बहीण केलं होतं. आणि ते सगळं या भल्या बाईच्या तोंडून, मला धीर देण्यासाठी म्हणून, माझ्यापर्यंत पोचत होतं. मी "हो, बरोबर आहे तुमचं" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"माझी आई परवाच्या रविवारी माझ्यासमोर दूध प्यायली," मी म्हणाले. "उलव्याला आतल्या खोलीत ज्या मावशी आहेत ना, ती माझी आई. आमची दोघांची. सख्खी."

 मग त्या म्हणाल्या, "पण आम्ही घरी आलो होतो. त्यांच्या समोरून गेलो. पाया पडायचं राहिलं हो आमचं." आणि फोन ठेवला.

मी लगेच कागद लिहायला बसले. फोटोखाली एका ओळीत "बाबांच्या स्मरणार्थ", दुसऱ्या ओळीत "आईसाठी. आई आहे." झेरॉक्सवाल्याने दुकान बंद करता करता लॅमिनेट करून दिला. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

सकाळी पाम बीच रोडला खाडीकडून गार वारा येत होता. सगळ्यांना पिवळे टी-शर्ट दिले होते. मी तो साडीवर घातला, कसा दिसत होता ते तुम्ही फोटोत पाहिलंच आहे. आजोबांनी सेफ्टी पिना लावून दिल्या.  असं चालताना एक होतं: पुढच्याच्या पाठीवरचे आईबाप वाचत चालावं लागतं. टोपीतले वडील, लग्नातली आई, एक तर अगदी तरुण नवरा. कुणी भरभर पुढे गेलं की त्यांचं माणूसही आपल्याला मागे टाकून जातं. माझ्या मागून येणारे माझे आई-बाबा वाचत असणार, हा विचार आला की माझी मान आपोआप ताठ होई.

एक गृहस्थ मागून येऊन माझ्या बरोबरीने चालू लागले. "आई आहेत?"

"आहे."

"ओळखतात?"

"नाही."

"माझ्या सासूबाई मला ड्रायव्हर समजतात. गाडीत पुढे बसून रस्ता सांगतात, आणि उतरताना म्हणतात, उद्या वेळेवर ये." ते हसले, मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "जेवतात का नीट तुमच्या आई?"

गेल्या कित्येक दिवसांत आईवरून इतकं बोलणं झालं होतं. ती नीट जेवते का, हे एकानेही विचारलं नव्हतं. भावाने नाही, भाचीने नाही, विहीणबाईंनी नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. "आता विचारेन," मी म्हणाले. ते नमस्कार करून पुढे गेले. त्यांच्या पाठीवर एक नऊवारीतली ठसठशीत बाई होती.

मी शेवटपर्यंत चालले. शेवटी केळं आणि पाणी मिळालं. पिशवीतून फोन काढला तर भावाचे फोनच फोन येऊन गेले होते, आणि शेवटी एक ओळ: "उद्या गाडी पाठवतो. घेऊन टाक तुझ्या आईला."

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. कामवाली पुढे बसली होती, आई मागे, शेजारी दोन पिशव्या. भाऊ आला नव्हता. आईने खिडकीतून आमच्या इमारतीकडे नीट पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "इथे नको. पुढे घ्या." तिला उतरवायला आम्हाला बराच वेळ लागला. बाबांचा चंदनाचा हार घातलेला फोटो भावाने ठेवून घेतला. बाबा तिथे भिंतीवर आहेत. तुम्ही गेलात की त्यांना नमस्कार करा.

लग्न मोडलं नाही. महिनाभर लांबलं, मग झालं. विहीणबाईंना म्हणे आजाराचं काही नव्हतं, आपल्याला फसवलं याचं वाईट वाटलं होतं. पण साखरपुडा चारचौघांत झाला होता, आणि मुलं एकमेकांना सोडायला तयार नव्हती. आमच्याकडे पत्रिका कुरिअरने आली. अक्षत द्यायला कुणी आलं नाही. आम्ही गेलो नाही, आईपाशी कुणीतरी हवं हे कारण होतंच. नातेवाइकांत आता असं ठरलं आहे की भाऊ खोटं बोलला हे खरं, पण मुलीचा संसार मांडायच्या वेळी घात केला तो आत्याने. तुमच्या कानावर हे येईल. भाचीने मला फोनवर ब्लॉक केलं आहे. आजोबांना केलेलं नाही, त्यांच्या फोनवर मी तिचे लग्नाचे फोटो पाहिले. छान दिसत होती.

विहीणबाईंनीही पुन्हा फोन केला नाही. भाऊ औषधं संपत आली की फोन करतो, काय आणायचं ते विचारतो, आणि वॉचमनपाशी ठेवून जातो. आईला अंघोळ घालायला मी शिकले. तो म्हणाला होता तितकी ती अवघड आहे. आजोबा दुपारी तिला पेपर वाचून दाखवतात, आणि ती मध्येच "खोटं" म्हणून त्यांना थांबवते. आम्ही दोघं आता पूर्वीसारखं बोलतो. पण मी काही सांगितलं की ते प्रश्न विचारतात का, तिकडे माझं लक्ष असतं. ती सवय मला आता लागली आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही.

तुम्ही याल तेव्हा पणजी तुम्हाला ओळखणार नाही. ती मलाही ओळखत नाही. आई म्हटलं तरी ओ देते, मावशी म्हटलं तरी देते, त्यामुळे भाची म्हणाली ते कदाचित बरोबरच असेल. पण तिच्या खोलीत कुणीही आलं की ती भिंतीकडे सरकते आणि पलंगावर शेजारी बसायला जागा करून देते. तेवढं तिच्यात अजून आहे.